सेकंड हँड इकोस्पोर्ट घेताय? आधी इंजिन ओळखा, मग किंमत बोला : नेहमीचे बिघाड, खर्चाचा अंदाज आणि कागदपत्रे

ऊस बिल, कांद्याची पट्टी किंवा जमिनीच्या मोबदल्याचे पैसे हातात आले की आपल्याकडे घरात पहिला विषय निघतो तो चारचाकीचा. नवी गाडी महाग पडते. मग सेकंड हँड बाजारात चक्कर होते. तिथे उंच, दणकट दिसणारी आणि त्यातल्या त्यात स्वस्त गाडी कोणती, तर फोर्डची इकोस्पोर्ट. त्याच वर्षाची ब्रेझा किंवा क्रेटा बघायला जावं तर लाख-दीड लाख जास्त सांगतात. इकोस्पोर्ट मात्र २०१४ ते २०१६ चं डिझेल मॉडेल तीन ते साडेचार लाखांत, आणि २०१८ नंतरचं पाच ते साडेसात लाखांत बोललं जातं.

गाडी स्वस्त का मिळते, तिच्यात नेहमी काय बिघडतं, दुरुस्तीला किती लागतात आणि कागदपत्रात काय बघायचं, हे वाचकांनी वारंवार विचारलं म्हणून इथे एका जागी देत आहे. खाली दिलेले दर हे तालुक्याच्या गावातल्या चांगल्या खासगी गॅरेजचे, मजुरी धरून केलेले ठोकताळे आहेत. पार्ट अस्सल घेतला की बाजारू, यावर हजार-दोन हजार इकडेतिकडे होणारच. अधिकृत वर्कशॉपमध्ये हेच काम साधारण सव्वा ते दीडपट पडतं.

गाडी स्वस्त का?

इकोस्पोर्ट भारतात जून २०१३ मध्ये आली. चेन्नईजवळच्या मराईमलाई नगरच्या कारखान्यात ती बनायची. नोव्हेंबर २०१७ मध्ये तिचं नवं रूप आलं. ९ सप्टेंबर २०२१ रोजी फोर्डने भारतातलं गाड्यांचं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं. सर्व्हिस आणि स्पेअर पार्ट देत राहू, असं कंपनीने तेव्हाच सांगितलं आणि अधिकृत वर्कशॉप आजही आहेत, पण संख्या कमी झाली. २०२४ मध्ये कंपनीने चेन्नईचा कारखाना निर्यातीसाठी पुन्हा वापरायचा इरादा तामिळनाडू सरकारला कळवला. त्याचा अर्थ इकोस्पोर्ट पुन्हा येणार असा लावून एखादा एजंट किंमत चढवत असेल तर ऐकू नका.

म्हणजे गाडी वाईट म्हणून स्वस्त नाही, तर कंपनी गेल्यामुळे पुढची विक्री अवघड म्हणून स्वस्त आहे. हा फरक नीट ध्यानात घ्या. तुम्हाला गाडी सहा-सात वर्षं वापरायची असेल तर हा सौदा फायद्याचा ठरू शकतो. दोन वर्षांत विकून दुसरी घ्यायची असेल तर जे स्वस्तात मिळालं ते विकताना जाणार.

पार्टचं म्हणाल तर इंजिनचे, क्लचचे, ब्रेकचे, सस्पेन्शनचे पार्ट मिळतात. १.५ डिझेल इंजिन याच कंपनीच्या फिएस्टा, २०१५ नंतरच्या फिगो, अस्पायर आणि फ्रीस्टाईलमध्येही आहे, त्यामुळे त्याचे पार्ट खूप फिरतात. पुण्यात नाना पेठेत चौकशी केली की बहुतेक माल दोन दिवसांत येतो. अडचण बॉडी पार्टची. हेडलाईट, बंपर, मागचा दरवाजा, काचा, आतली प्लास्टिकची कामं यांना थांबावं लागतं. अशा वेळी मुंबईत कुर्ल्याच्या जुन्या पार्टच्या बाजाराचा आधार घ्यावा लागतो. म्हणून घेतानाच बॉडी आणि लाईट शाबूत असलेली गाडी बघा. "बंपर तेवढा बदलून घ्या, हजार-दोन हजाराचं काम आहे," असं कुणी म्हटलं तर आधी तो बंपर फोनवर शोधून दाखवायला सांगा.

आधी इंजिन कोणतं ते विचारा

नुसतं "इकोस्पोर्ट आहे" म्हणून चालत नाही. या एका नावाखाली चार वेगळी इंजिनं आहेत आणि चारींचा खर्च वेगळा.

१) १.५ डिझेल (टीडीसीआय) : २०१३ पासून शेवटपर्यंत. सुरुवातीला ९० हॉर्सपॉवरची, नंतर १०० ची. आपल्या भागात सगळ्यात जास्त हीच दिसते. गावाकडच्या वापराला चारींत हीच बरी.

२) १.५ पेट्रोल, चार सिलेंडर : २०१३ ते २०१७. साधं, मजबूत इंजिन. मायलेज बेताचं. मॅन्युअल गिअरची मिळाली तर डोकेदुखी कमी.

३) १.५ पेट्रोल, तीन सिलेंडर : नोव्हेंबर २०१७ नंतर. ताकद जास्त, पण टायमिंग बेल्ट ऑइलमध्ये भिजलेला असतो. त्याचं महत्त्व पुढे सांगतो.

४) १.० पेट्रोल टर्बो (इकोबूस्ट) : पळायला जबरदस्त, सांभाळायला नाजूक. यातही ऑइलमधला बेल्ट आहे, आणि कूलंट कमी झालं तर इंजिन लगेच तापतं. तालुक्याच्या गॅरेजला हे इंजिन सहसा झेपत नाही.

शिवाय २०१७ पर्यंतच्या १.५ पेट्रोल ऑटोमॅटिकमध्ये कोरड्या डबल क्लचचा 'पॉवरशिफ्ट' गिअरबॉक्स होता. थरथर, गिअर अडकणं, कंट्रोल युनिट जाणं या तक्रारींसाठी तो जगभर बदनाम आहे. क्लच पॅक आणि कंट्रोल युनिट दोन्ही निघालं तर बिल लाखाच्या आसपास जातं. २०१७ नंतर कंपनीने तो काढून साधा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दिला. म्हणून २०१३ ते २०१७ ची ऑटोमॅटिक कितीही स्वस्त मिळाली तरी सोडून द्या, हे सरळ सांगणं.

डिझेल इंजिन : काय बिघडतं, किती लागतं

*टायमिंग बेल्ट.* डिझेलमध्ये चेन नाही, बेल्ट आहे. तो तुटला तर वॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि हेड उतरवावं लागतं. बेल्ट किलोमीटरवर जसा खराब होतो तसाच वयानेही होतो. कमी पळालेली पण दहा वर्षांची गाडी असेल तरी बेल्ट जुनाच. बदलल्याचं बिल मालकाकडे नसेल तर बदललेला नाही असंच समजा. पाण्याचा पंप याच बेल्टवर चालतो, म्हणून बेल्ट, टेन्शनर आणि पंप एकाच वेळी बदलायचे. खर्च १० ते १५ हजार. न बदलता तुटला तर ४० ते ७० हजार.

*इंजेक्टर, म्हणजे आपल्याकडचे नोझल.* सकाळी गाडी उशिरा चालू होणं, पांढरा-काळा धूर, आयडलला ठोका, ही लक्षणं. पंपावर नोझलची टेस्टिंग करून घेतली की कोणता खराब आहे ते कळतं. रिपेअर एकाला ५ ते ८ हजार, नवा १५ ते २० हजार, आणि असे चार. शेतात ट्रॅक्टरसाठी कॅनमध्ये ठेवलेलं डिझेल या गाडीत ओतायची सवय असेल तर ती बंद करा. कॅनच्या तळाला पाणी आणि गाळ असतो. जुना ट्रॅक्टर ते पचवतो, कॉमन रेल इंजिन नाही पचवत. डिझेल फिल्टर वेळेवर बदलणं हा दीड-दोन हजारांचा विमा समजा.

*नोझलची वायसर गळणं.* इंजिनवरचं कव्हर काढून बघा. नोझलच्या मुळाशी डांबरासारखा काळा थर आणि रेस केल्यावर "चफ चफ" आवाज असेल तर तांब्याची वायसर गेली आहे. वायसर शे-दोनशे रुपयांची, पण नोझल काढायची मजुरी धरून २ ते ४ हजार. दुर्लक्ष केलं तर काजळी ऑइलमध्ये उतरते आणि पुढे टर्बोपर्यंत जाते.

*टर्बो आणि त्याचे पाईप.* चढाला दम लागत नाही, शिट्टीसारखा आवाज येतो, निळसर धूर निघतो. कित्येक वेळा टर्बो ठीक असतो आणि इंटरकूलरचा रबरी पाईप फाटलेला असतो. तो दोन-तीन हजारांत होतो. मिस्त्रीने थेट "टर्बो गेला" म्हटलं तर आधी पाईप तपासायला लावा. टर्बो रिपेअर १२ ते १८ हजार, नवा ३५ ते ५० हजार. लांबून पळवून आणल्यावर गाडी लगेच बंद करू नका, अर्धा-एक मिनिट आयडलला राहू द्या.

*ईजीआर वॉल्व्ह.* गावात दोन-तीन किलोमीटरच्याच चकरा असल्या की काजळी धरते. गाडी हुकते, इंजिनचा दिवा लागतो. साफ करायला दीड ते ३ हजार, नवा १२ ते १८ हजार.

*कूलंट गळती.* थर्मोस्टॅटची हाउसिंग प्लास्टिकची आहे, वयाने तडकते. खर्च ३ ते ६ हजार. टाकीत साधं बोअरचं पाणी भरलेलं दिसलं तर सावध व्हा. आपल्याकडच्या क्षारयुक्त पाण्याने रेडिएटर चोंदतो. गाडी एकदा तापली आणि हेड गॅस्केट उडालं तर २५ ते ४५ हजार गेले. ऑइलच्या झाकणाखाली ताकासारखा पांढरट फेस दिसला तर तो सौदा तिथेच संपवा.

*बीएस-६ डिझेल.* एप्रिल २०२० नंतरच्या डिझेल गाड्यांना धुराड्यात काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर असतो. ही काजळी जाळायला गाडी अधूनमधून हायवेला वीस-पंचवीस मिनिटं एका वेगात पळावी लागते. तुमचा वापर घर ते डेअरी आणि डेअरी ते घर एवढाच असेल तर फिल्टर चोंदणार, आणि न जळालेलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये मिसळून ऑइलची पातळी वाढणार. डिपस्टिकवर ऑइल खुणेच्या वर दिसलं तर ही शंका घ्या. काही गॅरेजवाले डीपीएफ कापून टाकायचा सल्ला देतात. ते बेकायदेशीर आहे.

पेट्रोल गाडीत काय बघायचं

चार सिलेंडरच्या जुन्या १.५ पेट्रोलमध्ये बाहेरचा कोरडा टायमिंग बेल्ट आहे. वय झालं की बदलायचा, खर्च ८ ते १२ हजार. बाकी प्लग, कॉइल, थ्रॉटल साफ करणं, इंजिन माउंटिंग एवढ्यावर भागतं.

तीन सिलेंडरच्या १.५ मध्ये आणि १.० इकोबूस्टमध्ये मात्र बेल्ट इंजिनच्या आत, ऑइलमध्ये फिरतो. ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच पाहिजे आणि वेळेवर बदललेलं पाहिजे. चुकीचं किंवा जुनं ऑइल बेल्टचं रबर खातं. रबराचे कण चेंबरच्या जाळीत अडकतात, ऑइलचं प्रेशर पडतं आणि इंजिन जाम होतं. ऑइलचा लाल दिवा चालत्या गाडीत लुकलुकला तर गाडी तिथेच उभी करा, गावापर्यंत रेटू नका. हा बेल्ट बदलायला विशेष टूल लागतात, खर्च २५ ते ४५ हजार, आणि काम जाणत्या माणसाकडूनच करून घ्यायचं. म्हणून या दोन इंजिनांच्या गाड्या फक्त सर्व्हिसची सगळी बिलं असतील तरच घ्या. "ऑइल आमच्या मेव्हण्याच्या गॅरेजला बदलायचो" हे बिल होत नाही.

आणखी एक. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इकोस्पोर्ट त्या पेट्रोलच्या आधीच्या काळातली गाडी आहे. मायलेज थोडं कमी बसेल हे धरून चला आणि पेट्रोलचे रबरी पाईप, ओ-रिंग सर्व्हिसच्या वेळी बघायला सांगा.

सस्पेन्शन : खरा खर्च इथेच

गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स २०० मिलिमीटर, त्यामुळे पाणंद रस्त्यावरून जाते. पण जाते म्हणून आपण तिला ट्रॅक्टरसारखी चालवतो. ऊसतोडीच्या हंगामात ट्रॉल्यांनी केलेल्या चाकोऱ्या, काळ्या मातीतले वाळलेले चर आणि गतिरोधक यांनी पुढचं सस्पेन्शन हमखास वाजायला लागतं. आवाजावरून अंदाज असा लावायचा:

- लहान खड्ड्यात "टकटक" : लिंक रॉड. जोडी २ ते ३ हजार.
- ब्रेक मारताना किंवा गाडी उचलताना "खट्ट" : लोअर आर्मचं बुश किंवा बॉल जॉईंट. पूर्ण आर्म एका बाजूचा ३ ते ५ हजार.
- स्टिअरिंग वळवताना "कटकट" किंवा स्प्रिंग सरकल्यासारखा आवाज : वरचं माउंटिंग आणि बेअरिंग. एका बाजूला दीड ते अडीच हजार.
- गतिरोधकावरून उतरल्यावर दोन-तीन झोके : शॉकॲब्जॉर्बर गेले. पुढचे एकाला ४ ते ६ हजार, मागचे अडीच ते ४ हजार.
- वेगाबरोबर वाढणारी घुमघुम : व्हील बेअरिंग. ३ ते ५ हजार.
- खराब रस्त्यावर स्टिअरिंगमध्येच जाणवणारा खडखडाट : रॅक. रिपेअर ८ ते १२ हजार. स्टिअरिंग इलेक्ट्रिक आहे, पूर्ण युनिट बदलायची वेळ आली तर ३५ ते ६० हजार. म्हणून टेस्ट ड्राइव्ह डांबरी रस्त्यावर घेऊ नका. मालकाला गाडी कच्च्या रस्त्याला घालू द्या म्हणा. तो नाही म्हणाला तर त्याचं कारण तोच जाणे.

टायर बहुतेक मॉडेलला २०५/६० आर-१६ आहेत. एक टायर साडेपाच ते ८ हजार. टायर एका कडेने घासलेले असतील तर अलाइनमेंट बाहेर आहे किंवा गाडी कधी ठोकलेली आहे.

क्लच, ब्रेक, एसी, वायरिंग

*क्लच.* चौथ्या गिअरला चाळीसच्या वेगात चढावर एकदम ॲक्सिलेटर दाबा. इंजिनचा आवाज वाढला पण गाडी पुढे सरकत नसेल तर क्लचप्लेट संपली. पूर्ण सेट मजुरीसह १४ ते २२ हजार.

*ब्रेक.* पुढे डिस्क, मागे ड्रम. पुढचे पॅड अडीच ते ४ हजार, डिस्कची जोडी ५ ते ७ हजार, मागचे शू २ ते ३ हजार.

*एसी.* गॅस भरणं दीड-दोन हजार, कंडेन्सर ६ ते ९ हजार, कॉम्प्रेसर १५ ते २५ हजार. दर उन्हाळ्याला गॅस भरावा लागतो असं मालक सहज बोलून गेला तर समजा, गळती आहे आणि ती शोधायचा खर्च तुमच्यावर येणार.

*उंदीर.* वस्तीवर, गोठ्याजवळ, कडब्याच्या गंजीशेजारी लावलेल्या गाडीचं वायरिंग उंदीर कुरतडतात. बॉनेटखाली लेंड्या, तुकडे केलेलं कापड, टेप गुंडाळलेल्या वायरी दिसल्या तर इलेक्ट्रिशियनला दाखवल्याशिवाय बयाणा देऊ नका. तात्पुरती जोडणी हजार-दोन हजारांत होते, पण मूळ वायरिंग बदलायचं झालं तर २५ हजारांच्या पुढे जातं.

*चावी.* दोन्ही चाव्या मागा. दुसरी चावी प्रोग्रॅम करून घ्यायला ६ ते १२ हजार लागतात.

*मागचा दरवाजा.* इकोस्पोर्टचा मागचा दरवाजा बाजूला उघडतो आणि त्यावर स्टेपनी लटकवलेली असते. त्या वजनाने बिजागरी खाली बसते, दरवाजा उचलून लावावा लागतो. हँडलमधलं इलेक्ट्रिक बटण पाणी जाऊन बंद पडतं. बटण, लॉक मिळून ३ ते ७ हजार. पाच-सहा वेळा उघडून-लावून बघा. २०२१ मध्ये आलेल्या 'एसई' मॉडेलला स्टेपनीच नाही, नुसतं पंक्चरचं किट आहे. बाभळीच्या काट्याला ते चालेल, टायरची भिंत फाटली तर नाही. आपल्या रस्त्यांना स्टेपनीवालीच घ्या.

पुराची गाडी, दिल्लीची गाडी, मीटर मागे घेतलेली गाडी

ऑगस्ट २०१९ ला सांगली-कोल्हापूर, जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं. अशा पुरात बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून बाजारात येतात. ओळखायची सोपी खूण म्हणजे सीटबेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढा. तळाला मातीचा डाग, वास असेल तर गाडी बुडालेली. सीटखालच्या पट्ट्यांना गंज, मॅटखाली चिखल, फ्यूज बॉक्समध्ये हिरवट थर, हेही बघा.

दिल्ली आणि आसपासच्या राजधानी क्षेत्रात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर न्यायालयीन आदेशाने बंधनं आली. त्यामुळे तिकडच्या डिझेल गाड्या निम्म्या किमतीत इकडे आणल्या जातात. गाडी चांगली असू शकते, पण मूळ आरटीओची एनओसी नसेल तर ती तुमच्या नावावर होणार नाही, आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स वयानुसार वेगळा भरावा लागेल. एनओसी नसलेली परराज्याची गाडी "वापरा हो, कोण विचारतंय" म्हणून घेऊ नका. अपघात झाला की सगळे विचारतात.

मीटरवर विश्वास ठेवण्याआधी क्लच-ब्रेकच्या पेडलचं रबर, स्टिअरिंगची चमक आणि ड्रायव्हर सीटची कड बघा. मीटर ५५ हजार आणि पेडल गुळगुळीत, हे जुळत नाही. अधिकृत वर्कशॉपला गाडी नंबर सांगून मालकासमोर सर्व्हिस हिस्ट्री मागा. त्याच वेळी त्या गाडीवर कंपनीचं रिकॉलचं एखादं काम बाकी आहे का तेही विचारा, ते फुकट करून मिळतं.

कागदपत्रं : इथे चूक झाली तर मिस्त्री काही करू शकत नाही

एमपरिवहन ॲपवर गाडी नंबर टाकला की पासिंगची तारीख, विमा, पीयूसी आणि बँकेचा बोजा दिसतो. पुढच्या गोष्टी क्रमाने करा.

- बोजा : आरसीवर बँकेचं नाव असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ लागतो. नुसता "कर्ज फिटलंय" चालत नाही, बोजा आरसीवरून उतरला पाहिजे.
- चलन : जुनी ई-चलनं विकणाऱ्याकडून भरून घ्या. ट्रान्सफरच्या वेळी ती आडवी येतात.
- ट्रान्सफर : फॉर्म २९ आणि ३० वर सह्या. मोटार वाहन कायद्यानुसार राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नावावर करायची.
- विमा : १४ दिवसांत तुमच्या नावावर करायला अर्ज द्या. आरसी तुमच्या नावावर आणि विमा जुन्या मालकाच्या, असं राहिलं तर गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडतो. नो क्लेम बोनस जुन्या मालकाचा असतो, तो तुम्हाला मिळत नाही.

विकणाऱ्यांनाही सांगतो. गाडी दिली, पैसे आले, सही करून कोरे फॉर्म एजंटला दिले आणि विसरलात, तर अडकाल. आरसीवर ज्याचं नाव, तोच कायद्याने मालक आणि अपघाताच्या भरपाईला तोच जबाबदार, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात स्पष्ट केलं आहे. गाडी चार हात फिरलेली असली तरी नोटीस आरसीवरच्या नावाने येते.

एका गाडीचा हिशोब मांडून बघू

समजा २०१६ ची डिझेल इकोस्पोर्ट, ९५ हजार किलोमीटर, मागणी ४ लाख. तपासणीत नेहमीच्याच गोष्टी निघाल्या:

- टायमिंग बेल्ट, टेन्शनर, पाण्याचा पंप : १२,०००
- क्लच सेट : १८,०००
- पुढचं सस्पेन्शन : १४,०००
- चार टायर : २६,०००
- ऑइल, सगळे फिल्टर, कूलंट : ७,०००
- बॅटरी : ६,५००
- दुसरी चावी : ८,०००
- ट्रान्सफर आणि विमा : १४,०००

बेरीज १,०५,५०० रुपये. म्हणजे ४ लाखांची गाडी रस्त्यावर भरवशाने धावेपर्यंत ५,०५,५०० ची झाली. यात गाडीत कुठलाही मोठा दोष नाही, वयाने येणारी कामंच आहेत. मालकाशी बोलताना ही यादी कागदावर लिहून समोर ठेवा. निम्मी रक्कम कमी झाली तरी पन्नास हजार वाचले. आणि जवळ एकूण ४ लाखच असतील तर ४ लाखांची नाही, ३ लाखांची गाडी बघा. घेतल्यावर हातात एक छदाम उरला नाही की बेल्टचं काम पुढच्या बिलावर ढकललं जातं, आणि तो नेमका दवाखान्याच्या वाटेवर तुटतो.

पुढचा चालू खर्चही धरा. वर्षाला १२ हजार किलोमीटर, लिटरला १७ चं मायलेज आणि डिझेल ९१ रुपये धरलं तर इंधनाचेच सुमारे ६४ हजार होतात. सर्व्हिस दर १० हजार किलोमीटरला किंवा वर्षाला एकदा, ६ ते ९ हजार. विमा आणि किरकोळ कामं मिळून आणखी २० ते २५ हजार. म्हणजे गाडी दारात उभी करायची तर वर्षाला लाखभर रुपये बाजूला काढायची ताकद पाहिजे. एवढ्यात एका दुभत्या गाईची किंमत येते, हे घरात बसून आधी बोला.

जाता जाता

गाडी शोधायच्या आधी मिस्त्री शोधा. तुमच्या तालुक्यात फोर्डचं काम करणारा, स्कॅनर असलेला एक तरी गॅरेजवाला असेल आणि तो "घ्या, मी बघतो" म्हणत असेल तर इकोस्पोर्ट घ्यायला हरकत नाही. प्रत्येक कामाला जिल्ह्याच्या गावाला किंवा पुण्याला पळावं लागणार असेल तर लाख रुपये जास्त गेले तरी दुसरी गाडी परवडते.

बघायला जाताना सकाळी लवकर जा, इंजिन थंड असताना. मालकाला आदल्या दिवशीच सांगा की आम्ही यायच्या आधी गाडी चालू करू नका. गेल्यावर बॉनेटला हात लावून बघा. थंड इंजिन पहिल्या सेल्फला चालू झालं, धूर निघाला नाही, कच्च्या रस्त्याला आवाज कमी आला, एसी दहा मिनिटांत गार झाला आणि आरसीवर बोजा नाही, एवढ्या पाच गोष्टी जुळल्या तर मिस्त्रीला बोलवा. मिस्त्रीचे तपासणीचे पाचशे-हजार रुपये द्यायला कंजुषी करू नका. आणि त्याने नको म्हटलं तर रंग कितीही आवडलेला असो, बयाणा न देता घरी या. दुसरी गाडी मिळते.